तिसरी पिन

नवी बॅच आली की पहिल्या तासाला मी टेबलावर एक प्लग ठेवतो. साधाच, तीन पिनांचा. "ही वरची जाड पिन कशाला असती रे?" असं विचारतो. मागच्या बाकावरून हमखास एक बहाद्दर उठतो. "सर, ती काय कामाची नसती. आमच्याकडं मोडूनच टाकतात." वर्ग खिदळतो. त्या बहाद्दराला मी तास संपेपर्यंत उभंच ठेवतो.

मी तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला शिकवतो. पोरांना मी खडूस वाटतो. वाटू दे. ड्रिल चालवताना कुणी हातमोजा घातलेला दिसला की मी ओरडतो, कारण फिरतं टोक आधी मोजा पकडतं आणि मोज्याबरोबर हात ओढून घेतं. ग्राइंडरचा गार्ड काढलेला दिसला तर मशीनच काढून घेतो. "सर, गार्डमुळं कापताना दिसत न्हाय." अरे बाबा, चकतीचा तुकडा डोळ्यात गेल्यावर तुला काय दिसणार आहे? ब्लेड बदलायचंय तर आधी प्लग काढ, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पायात बूट घाल. ओल्या फरशीवर उभा राहू नकोस. वायर सोलली असेल तर चिकटपट्टी गुंडाळून दिवस काढू नकोस, बदलून टाक. आणि सॉकेटमध्ये उघड्या तारा खोचून वर काडीपेटीच्या काड्या ठोकणारा माझ्या नजरेला पडला तर त्याची काही खैर नाही.

एवढं झालं की मी त्यांना एका बाईची गोष्ट सांगतो. एका गावात एक बाई होती. तिनं खंडेनवमीला ड्रिल मशीन बादलीत बुचकळून धुतलं. पोरं पोट धरून हसतात. मी हसू देतो. मग सांगतो की दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तिच्या पोरानं ते मशीन चालू केलं आणि तो जागेवर गेला. "म्हणून मशीनला पाणी लावायचं नाही," मी म्हणतो आणि फळ्याकडं वळतो.

ती बाई म्हणजे माझी आई. गेलेला तिचा पोरगा म्हणजे माझा दादा. आणि ही गोष्ट मी इतकी वर्षं अर्धीच सांगत आलो. दादा नुसत्या पाण्यानं गेला नाही. त्या मशीनच्या प्लगची वरची पिन मी कापली होती. आई पाण्याचं पाप डोक्यावर घेऊन म्हातारी झाली, आणि मी तिला ते घेऊ दिलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्यासारख्याला दुसरं काय म्हणणार?

आमचं सुताराचं घर. गाव येरमाळ्यापासून आत, कच्च्या रस्त्यानं. वडील लवकर गेले तेव्हा दादा नववीत होता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं दप्तर माळ्यावर टाकलं आणि वडिलांचा लाकूड तासायचा वाकस हातात घेतला. दारं, चौकटी, खाटा, औतं, जे येईल ते करायचा. चैत्रातल्या यात्रेच्या आधी देव्हारे करायचा, ते मात्र फार मन लावून. हातानं फिरवायच्या गिरमिटानं भोकं पाडून पाडून त्याच्या तळव्याला घट्टे पडले होते. मला मात्र त्यानं कधी रंध्याला हात लावू दिला नाही. "घरात एकानं तरी खुर्चीवर बसायचं," म्हणायचा. मला आयटीआयला नंबर लागला तेव्हा त्यानं सगळ्या आळीला पेढे वाटले आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "आमचा धाकटा लाइटीचा विंजनेर व्हायलाय!" मी लाजून घराबाहेर पडेना.

दादाचं लग्न झालं. वहिनी जळकोटची. त्यांना मुलगी झाली. दादा तिला खांद्यावर घेऊन लाकूड रंधायचा, ती त्याच्या केसांतला भुसा वेचायची. घरात चौघं मोठी माणसं आणि एक लेकरू, सुखात होतो म्हणायला हरकत नाही.

मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होतो त्या श्रावणात दादानं ड्रिल मशीन आणलं. नवं नव्हे. उमरग्याला हायवेवरचं एक वेल्डिंगचं दुकान मोडलं, तिथून आणलेलं. जुन्या बनावटीचं, सगळं अंग धातूचं, हातात धरलं तर लेकराएवढं जड. आताच्या मशीनला बाहेरून जाड प्लॅस्टिक असतं, त्याला नव्हतं. म्हणून तर त्याला तिसरी पिन होती. आतला करंट चुकून मशीनच्या अंगावर उतरलाच, तर तो त्या पिनेतून जमिनीत निघून जावा, धरणाऱ्या माणसाच्या अंगातून जाऊ नये, एवढ्यासाठी ती असते.

आमच्या पडवीतल्या बोर्डाला भोकं दोनच. तिसरी पिन शिरायची कुठं? दादा मशीन पोटाशी धरून उभा. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. तिशीचा गडी, पण जत्रेतनं बाजा आणलेल्या पोरासारखा उतावीळ झालेला. "लाव की रे धाकट्या!"

मला सगळं ठाऊक होतं. त्याच वर्षी आम्हाला अर्थिंग शिकवलं होतं. मी म्हणायला पाहिजे होतं की दादा, थांब. नवा बोर्ड आणू, घरामागं खड्डा घेऊ, त्यात पत्रा पुरून कोळसा-मीठ भरू, तिथून तार बोर्डापर्यंत आणू, आणि मगच मशीन लावू. दोन दिवसांचं काम. त्याऐवजी मी म्हणालो, "तात्पुरतं करू." लोखंड कापायच्या एक्सा ब्लेडनं वरची पिन बुडातून कापली. दोन मिनिटं लागली नाहीत. मशीन घरघरलं, सागवानाच्या फळीतून भुशाची वेटोळी वर आली, दादानं आनंदानं शीळ घातली. "दिवाळीच्या सुट्टीत खड्डा करून पक्कं अर्थिंग करून देतो," मी म्हणालो. दादा म्हणाला, "घाई काय हाय? चालतंय की झकास." त्याला पिनेचं काही कळत नव्हतं. मला कळत होतं. गणपतीला घरी आलो होतो तेव्हा करता आलं असतं. पण पाऊस होता, चिखल होता, आणि मला दुपारी झोप काढायची होती.

आता खंडेनवमीचं सांगतो. आमच्या घरी त्या दिवशी अवजारं धुवायचा मान आईचा. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचाच. वाकस, पटाशी, करवत, रंधा, गिरमिट, सगळं अंगणात मांडायची. चिंच आणि राख लावून काथ्यानं घासायची, धुवायची, उन्हात वाळवून करडईच्या तेलाचा हात फिरवायची. मग पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडू. त्यानंतर दसऱ्याच्या पूजेपर्यंत अवजाराला कुणी हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी आंघोळ करून आधी वडील आणि पुढं दादा एक शकुनाचं काम करायचे, लाकडावर एखादा घाव, एखादं भोक. आणि ते अनवाणी. ज्याला आत्ता हळदकुंकू वाहिलं त्याला पायात चप्पल घालून कोण हात लावील? वर्गात मी बोंबलून सांगतो, पायात बूट घाला. आमच्या अंगणात त्या सकाळी बूट घालून मशीनला हात लावणारा माणूस बेशरम ठरला असता.

आई मशीन धूत होती तेव्हा मी घरी नव्हतो, संध्याकाळच्या एस.टी.नं आलो. जे झालं ते नंतर वहिनीकडून कळलं. आईनं सगळी अवजारं धुतली आणि मशीन उचललं. वहिनीच्या माहेरी पिठाची गिरणी, लाइटीचा आणि पाण्याचा संबंध तिला माहीत. ती सासूला म्हणाली, "आत्या, त्येला पाणी लावू नका. लाइटीचं हाय ते."

आई म्हणाली, "लाइट कुठं लावलीय आत्ता? वायर तर गुंडाळून ठिवलीय. समद्या अवजारास्नी आंघोळ, अन् ह्येलाच पारोसं ठिवू व्हय? ह्येच तर पोट भरायलंय आपलं."

आणि तिनं ते बादलीत बुचकळलं. काथ्यानं घासलं. तोंडातली भुशाची घाण काडीनं काढली. खाटेवर उन्हात दुपारभर वाळवलं, पदरानं पुसलं. मी आलो तेव्हा पाटावर सगळ्यांच्या मधोमध ते बसलेलं होतं, गळ्यात झेंडूची माळ घालून. "झकास दिसायलंय," मी म्हणालो. कसं चमकवलंस, एवढं जरी आईला विचारलं असतं तरी तिनं कौतुकानं सगळं सांगितलं असतं. नाही विचारलं.

दसऱ्याची सकाळ. अंगणात सडा घातलेला, जमीन ओली. दादा आंघोळ करून आला, केसांतून पाणी निथळत होतं. नवी चौकट जमिनीवर आडवी टाकलेली. आई ताट घेऊन उभी, वहिनी मुलीला कडेवर घेऊन दारात. दादानं मशीनला नमस्कार केला, उचललं, आणि प्लग माझ्याकडं दिला. "लाव धाकट्या. लाइटीचा मानकरी तू."

मी लावला. बोर्डाचं बटण मी दाबलं.

मशीन फिरलं आणि दादा ताठ झाला. दात आवळलेले, मान मागं. तोंडातून आवाज नाही. दादा लई नाटकी. मला आयटीआयत शॉकचं शिकवलंय हे कळल्यापासून तो दर वेळी मशीन हातात घेतलं की अंग झाडून मला भेव दाखवायचा. त्यामुळं मी हसलो. मी त्या वेळी हसलो. किती वेळ? एका श्वासाचा. तेवढ्यात आई त्याला धरायला धावली, तिला ढकलून मी प्लग ओढला. दादा चौकटीवर कोसळला. शिकवल्याप्रमाणं छाती दाबली, तोंडात हवा फुंकली. शेजारची जीप आली. येरमाळ्याला नेईपर्यंत मी छाती दाबतच होतो. डॉक्टरांनी माझा हात धरून बाजूला केला.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला तेरा वर्षं लागली. पंचनामा व्हायचा होता. पोलीस यायच्या आधी मी घरी आलो. बाया आईभोवती बसलेल्या. मशीन अंगणात तसंच पडलेलं. मी पक्कड घेतली, वायर तोडून प्लग वेगळा केला आणि मागच्या पडक्या विहिरीत टाकला. भाऊ दवाखान्यात पडलेला, आणि माझं डोकं एवढं साफ चाललं होतं! पोलिसांनी विचारलं, "प्लग कुठंय?" मी म्हणालो, "त्याला सोडवताना वायर तोडली, गडबडीत कुठं पडला काय माहीत." ते पुढं काही विचारणार, तोवर आई ऊर बडवत पुढं आली. "म्या धुतलं वो सायेब! म्या बुचकळलं त्येला! माज्या हातानं म्या लेकरू मारलं!" मशीनमध्ये पाणी शिरून शॉक बसला, असं त्यांनी लिहून घेतलं. मी तिथं उभा होतो.

पाणी आत होतं हे खरंच. पण पिन जागेवर असती आणि मी खड्डा केलेला असता, तर मशीन चालू होताच फ्यूज उडाला असता. दादा आईवर खेकसला असता, आई पुटपुटली असती, आणि दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो असतो. एवढाच फरक होता.

वहिनी तेराव्यापर्यंत राहिली. आईशी एक शब्द बोलली नाही. जाताना उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाली, "म्या सांगितलं व्हतं तुमाला." आणि तीन वर्षांची पोरगी घेऊन जळकोटला माहेरी गेली. ती परत आली नाही, आणि तिनं पोरगीला आजीकडं कधी पाठवलं नाही. मी तिला दोष देत नाही. तिला जेवढं माहीत होतं तेवढ्यावर तिनं केलं ते बरोबरच होतं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी अर्थिंगचा खड्डा केला. बैल गेला अन् झोपा केला. आई कोळशाच्या पाट्या आणून देत होती. "ह्ये कशापायी रं?" तिनं विचारलं. "लाइटीपायी," मी म्हणालो. पाटी खाली ठेवून ती पुन्हा कोळसा आणायला गेली.

मला नोकरी लागली, माझं लग्न झालं, घर नीट बांधलं. आईनं त्या दिवसापासून घरातल्या एकाही बटणाला हात लावला नाही. दिवा लावायचा असला तरी माझ्या बायकोला हाक मारायची, ती घरात नसली तर तशीच बसून राहायची. उन्हाळ्यात घामानं भिजायची पण पंखा लावायची नाही. खंडेनवमीला सकाळीच उठून देवीच्या देवळात जाऊन बसायची, दसरा उलटला की परत यायची. कुणी अवजारांचं नाव काढलं तरी तिथून उठायची. गावातल्या बाया पाठीमागं बोलायच्या, हिनं पोरगं खाल्लं. माझ्या कानावर आलं आहे ते. मी त्यांच्याशी भांडलो, लई तावातावानं भांडलो. खरं मात्र सांगितलं नाही.

जळकोटला मी महिन्या-दोन महिन्याला जायचो. वहिनीला अंगणवाडीत काम मिळालं होतं. पोरगीची वह्या-पुस्तकं, दवाखाना, शाळेतली सही, सगळं मी बघायचो. पोरगी मला बघून धावत यायची, माझी पिशवी तपासायची. "भाऊजी, तुमच्यामुळं पोरीला बापाची कमी न्हाय," वहिनी म्हणायची आणि चहा ठेवायची. मी तो चहा प्यायचो.

घरी परतलो की आई दारातच विचारायची, "केवढी झाली रं?" मी हात पुढं करून दाखवायचो. आधी गुडघ्याच्या वर. मग कमरेशी. मग छातीशी. आई त्या हाताकडं बघत राहायची. कधीकधी माझ्या हाताखालच्या हवेत स्वतःचा हात फिरवायची आणि म्हणायची, "केस कसे हायत?" मी म्हणायचो, "दादासारखे. दाट." मग ती आत जायची.

सांगायचं मनात किती वेळा आलं! दर दसऱ्याला आलं. पण आधी वाटायचं, नोकरी जाईल. मग वाटायचं, बायको काय म्हणेल. मग वाटायचं, आता इतकी वर्षं झाली, आता काय. माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात आईनं खाट धरली. पोरगी दहावी पास झाली म्हणून मी जळकोटहून पेढे घेऊन आलो. दुपारची वेळ. आईनं पेढा हातात धरला, खाल्ला नाही. "केवढी झाली?" मी हात माझ्या खांद्याशी नेला. आई रडायला लागली. "एकदा बघायची व्हती. पर कंच्या तोंडानं बोलवू म्या तिला? तिच्या बापाला म्या मारला."

मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. बोर्डाची दोन भोकं, कापलेली पिन, न केलेला खड्डा, विहीर. सगळं. "माय, नुसत्या पाण्यानं न्हाय गेला दादा. म्या मारला."

आई वर पत्र्याकडं बघत पडून राहिली. मग म्हणाली, "तवा कितीचा व्हतास रं तू?"

"एकोणीस."

"लेकरूच की." तिनं मान वळवली. "सुनंला सांगितलंस?"

"न्हाय. उद्या जाऊन सांगतो. तुला भेटायला घेऊन येतो तिला अन् पोरीला."

आईनं माझं मनगट धरलं. तिच्या अंगात तेवढं बळ होतं असं वाटलं नव्हतं. "न्हाय. सांगायचं न्हाय. पोरीला बाप न्हाय, काका तरी राहू दे. उद्या तिचं लगीन कोण करंल? पाठीशी कोण हुबं राहील? माजं काय, म्या पिकलं पान. ह्ये माज्यासंगट जाऊ दे."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. आई मरणाच्या दारात माझं पाप मागून घेत होती आणि मला सुटल्यासारखं झालं. मी नुसती मान हलवली. थू माझ्या जिनगानीवर.

चार दिवसांनी मी कामावरून आलो तर आई खाटेवरून उठलेली. भिंतीला धरून ती बोर्डापाशी गेली, जरा थांबली, आणि तिनं पंख्याचं बटण स्वतःच्या बोटानं दाबलं. पंखा फिरला. ती खाली उभी राहून वर बघत होती, पदर उडत होता. तेरा वर्षांत पहिल्यांदा. मी दारात उभा होतो, मला आत जाववेना. एका दुपारच्या बोलण्याचं काम होतं, आणि मी तिला तेरा उन्हाळे बसवून ठेवलं होतं.

पोळ्याच्या आधी आई गेली. पोरगीला न बघता गेली.

तेराव्याला वहिनी आली. सोबत पोरगी. त्या उंबऱ्यातून ती तेरा वर्षांनी आत आली. घरात भावकी, शेजारच्या बाया, जेवणाची गडबड. वहिनी सरळ फोटोपुढं गेली, फूल वाहिलं, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आत्या, जे झालं ते झालं. म्या तुमाला माफ केलंय."

बायांनी पदर डोळ्याला लावले. कुणीतरी म्हणालं, मोठं मन आहे हो हिचं. आईनं बजावलं होतं ते मला आठवत होतं. गप बसायचं, एवढंच काम होतं माझं, आणि त्या कामात मी चांगला तयार झालेला. पण माफी! ज्या बाईनं माझ्यासाठी शेवटचा श्वाससुद्धा दोष घेऊन सोडला, तिला मेल्यावर माफी मिळत होती, आणि मी पत्रावळ्या मोजत उभा होतो. मला ते सहन झालं नाही.

"वहिनी, तिला माफ करू नका," मी म्हणालो. "मशीनच्या प्लगची पिन म्या कापली व्हती."

तिला कळलं नाही. मग मी सांगितलं. वर्गात सांगतो तसंच, पायरीपायरीनं. तिसरी पिन कशाला असते, ती असती तर काय झालं असतं, मी ती कधी कापली, प्लग कुठं टाकला. चुलीवरचं भांडं कुणीतरी उतरवलं.

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. तिनं विचारलं, "आत्याला ठाव व्हतं?"

"शेवटाला सांगितलं."

"मग त्येंनी मला निरोप का न्हाय धाडला?"

"पोरीला काका राहावा म्हणून."

वहिनीनं तोंडात पदर घातला. पोरगी तिच्याशेजारी उभी होती. दादासारखे दाट केस, माझ्या खांद्याएवढी. ती कधी आईकडं, कधी फोटोकडं बघत होती.

"आई," ती म्हणाली, "मग मला आजीकडं का जाऊ दिलं न्हाईस?"

वहिनीनं वर बघितलं नाही.

"तुझ्या काकाला इचार," ती म्हणाली.

पोरगी माझ्याकडं वळली.